आडनाव विचारण्याआधी थोडे बोलू या!

राजकारणावर गप्पा मारणे ही बीड जिल्ह्यात एकेकाळी फुकटची करमणूक होती. आज ते जोखमीचे काम झाले आहे. पाटोद्याच्या बसस्थानकासमोर चहाला बसा, कोर्टाच्या आवारात तारखेची वाट पाहत उभे राहा, की मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडी शोधा. अनोळखी माणूस बोलायला लागतो, पाऊस-पाण्याचे बोलतो, कापसाच्या भावाचे बोलतो आणि मग हळूच विचारतो, "पाव्हणं, आडनाव काय म्हणलात?" त्याला नावाशी देणेघेणे नसते. त्याला फक्त तुम्ही कोणत्या बाजूचे हे ठरवायचे असते. एकदा ते ठरले की बोलणे संपते. तो आपल्या बाजूचा असेल तर पलीकडच्यांना शिव्या घालायला मोकळा, नसेल तर खिशातला मोबाईल काढून त्यात डोके घालायला मोकळा.

हा जिल्हा असा नव्हता. १९६७ साली याच बीडने सातारा भागातल्या क्रांतिसिंह नाना पाटलांना भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत पाठवले. माणूस दुसऱ्या मुलुखातला, झेंडा लाल, तरीही इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याने त्याला मत दिले. १९७७ ला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. त्या काळी जात नव्हती असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. जात होतीच, अस्पृश्यता तर उघड होती. पण मत मागायला आलेल्या माणसाला "तू काय करणार?" असा प्रश्न तरी विचारला जात होता.

अलीकडच्या दोन-तीन वर्षांत काय झाले ते वाचकांना नव्याने सांगायला नको. १ सप्टेंबर २०२३ रोजी शेजारच्या जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला लाठीमार झाला. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगाव आणि बीडमध्ये लोकप्रतिनिधींची घरे पेटवली गेली. २०२४ च्या लोकसभेचा निकाल अवघ्या ६,५५३ मतांनी लागला आणि मराठा विरुद्ध ओबीसी अशी फाळणी गल्लीगल्लीत पोचली. कोणाच्या दुकानातून माल घ्यायचा, कोणाच्या हॉटेलात चहा प्यायचा याची आवाहने फिरू लागली. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्या खुनाचा निषेधदेखील लोक जात पाहून करू लागले.

आपण बौद्ध या भांडणात कुठे आहोत? वरवर पाहता कुठेच नाही. दोन्ही बाजूंचे पुढारी आपल्याकडे "तुमचं काय म्हणणं?" असे विचारत येतात. पण ज्या समाजाच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कार सोसला, ज्यांच्या बाबासाहेबांना आपल्या पाक्षिकाचे नावच 'बहिष्कृत भारत' ठेवावे लागले, त्या समाजाला दुकानावरच्या बहिष्काराची भाषा ऐकून कान टवकारलेच पाहिजेत. आज ही भाषा मराठ्याने वंजाऱ्याबद्दल आणि वंजाऱ्याने मराठ्याबद्दल वापरली. उद्या ती कोणाकडे वळेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कायद्याचे म्हणाल तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकाच समाजातल्या सदस्यांनी आपल्याच सदस्यावर घातलेल्या बहिष्कारासाठी आहे. एका जातीने दुसऱ्या जातीच्या किराणा दुकानाकडे पाठ फिरवली तर तो तिथे थिटा पडतो. चिथावणी देणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ लावता येते, पण गिऱ्हाईकाला दुकानात परत कोणते कलम आणणार?

२०२५ च्या सुरुवातीला बीडच्या पोलीस अधीक्षकांनी एक गोष्ट केली. पोलिसांनी एकमेकांना आडनावाने हाक मारू नये, नावाने मारावी असे सांगितले आणि पुढे नावाच्या पाट्यांवरूनही आडनावे गेली. काहींनी याची चेष्टा केली. पाटी बदलून जात जाते काय? नाही जात. पण फिर्याद द्यायला आलेल्या माणसाला समोरचा हवालदार "आपला" की "त्यांचा" हा विचार दोन मिनिटे तरी लांबवावा लागतो. तेवढ्या दोन मिनिटांत फिर्यादीची पहिली चार वाक्ये सांगून होतात. मला ते कमी वाटत नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडायला सांगितले, त्याचा आपण बहुधा नोकरी आणि शिक्षण एवढाच अर्थ घेतो. माझ्या मते त्यात आणखी एक गोष्ट होती. खेड्यात अनोळखी माणूस नसतोच. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचा आजा माहीत असतो आणि तो आजा कुठे बसत होता हेही माहीत असते. एस.टी.त मात्र तिकीट काढले की माणूस प्रवासी होतो. सीट नंबर असतो, जात नसते. तिथे बापाच्या गावातला पाटील आणि मी शेजारी बसून भांडू शकतो. म्हणून एस.टी., काळी-पिवळी, कोर्टाचा व्हरांडा या जागांना मी लोकशाहीच्या शाळा म्हणतो. आणि आडनावाचा प्रश्न नेमका तिथे येऊन बसतो, तेव्हा गावकुसच गाडीत चढल्यासारखे वाटते.

मागच्या वर्षी पाटोद्याहून जामखेडकडे जाताना जीपमध्ये एक साठीचे शेतकरी भेटले. माझा काळा कोट पाहून त्यांनी मला आपला समजले की परका, कोण जाणे, पण बोलायला लागले. विषय ॲट्रॉसिटीचा. "वकीलसाहेब, ह्या कायद्यानं लई वाटोळं केलं. उठला की केस." आपला कार्यकर्ता असता तर इथेच भडका उडाला असता. मी एवढेच विचारले, "मामा, तुमच्या गावात किती केसा झाल्या?" ते म्हणाले, "एक." कोणावर? "माझ्यावरच की!" मग सगळी हकीकत निघाली. बांधाचे भांडण चुलतभावाशी. चुलतभावाने आपल्या शेतावरच्या गड्याला पुढे करून फिर्याद द्यायला लावली. गड्याला काय मिळाले? मामांनाच हसू आले. "त्याला काय मिळतंय? साक्षीच्या वक्ताला चुलत्यानं त्याला फडावर धाडून दिलं."

म्हणजे दुरुपयोग झाला, पण केला कोणी? गड्याने की बागायतदार चुलतभावाने? हे मी त्यांना विचारले. ते काही बोलले नाहीत. मग मी खर्ड्याचे विचारले. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी पोराला मारून झाडाला लटकवले, साक्षीदार फुटले आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. आमची गाडी त्याच तालुक्याकडे चालली होती. मामा म्हणाले, "ते वाईटच झालं. पोरगं होतं." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "तिथं कायदा कमीच पडला म्हणायचा."

मामा जीपमधून उतरताना ॲट्रॉसिटीचे समर्थक झाले होते असे मुळीच नाही. उतरताना त्यांनी आडनाव विचारले, मी सांगितले, त्यांनी मान हलवली आणि "बरंय साहेब" म्हणून गेले. पण "उठला की केस" हे वाक्य त्यांना यापुढे पूर्वीइतके सहज म्हणता येणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो. आणि मलाही एक गोष्ट नीट दिसली. आपल्या माणसाच्या नावाने दुसरेच कोणी फिर्यादी लढवत असेल तर त्याविरुद्ध पहिला आवाज आपण उठवला पाहिजे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा पातळ केला, तेव्हा दुरुपयोगाच्या याच गोष्टी निकालात आल्या होत्या. संसदेला कलम १८-अ घालून तो पुन्हा उभा करावा लागला.

आपल्या चळवळीत विरोधकाशी बोलणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची एक खोड आहे. "त्याच्याबरोबर चहा पिताना दिसला" एवढ्यावर माणूस विकला गेल्याचा निकाल लागतो. आपण व्याख्यानमाला भरवतो, तिथे जयभीमवाले जयभीमवाल्यांना जयभीम पटवून देतात आणि टाळ्या पडतात. मज्झिम निकायात उपालीची गोष्ट आहे. निगंठ नातपुत्तांचा हा धनाढ्य उपासक नालंदेला तथागतांशी वाद घालून त्यांना हरवायला निघाला. निगंठांपैकीच एकाने विरोध केला, याला पाठवू नका, गोतमाकडे माणसे वळवण्याची माया आहे. आजही दोन्हीकडचे पुढारी हेच सांगतात, त्यांच्याशी बोलू नका, डोके फिरवतील! उपाली गेला, वाद झाला, त्याला भगवंतांचे म्हणणे पटले आणि तो शरण येतो म्हणाला. तेव्हा भगवंतांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. नीट तपासून मग ठरव. आणि तुझ्या दारात निगंठांना आजवर मिळत आलेली भिक्षा बंद करू नकोस. वाद जिंकल्यावर समोरच्याच्या ताटातली भाकरी काढून घ्यायची नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झालेले आहे.

बाबासाहेबांनी १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत भाषण केले, त्यात काँग्रेसच्या बहुमताला त्यांनी बजावले की लोकांना भिववणाऱ्या घोषणा बाजूला ठेवा, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्या आणि त्यांना आपणहून सोबत येऊ द्या. हे बोलणारा माणूस लेचापेचा नव्हता. चवदार तळ्यावरचा माणूस होता.

अर्थात हा वादाचा अधिकार सगळ्यांना सारखा नाही, हे विसरून चालणार नाही. माझ्या अंगावर काळा कोट आहे, माझी चूल समोरच्याच्या शेतावर पेटत नाही. सालगड्याने मालकाशी आरक्षणावर वाद घालावा असे शहाणपण मी त्याला शिकवणार नाही. पाटोदा-शिरूरच्या डोंगरपट्ट्यातून हजारो कोयते दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात. तिथे वंजारी, मराठा, बौद्ध, लमाण यांच्या कोप्या शेजारी शेजारी असतात, उचल सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि मुकादमाचा हिशेब सगळ्यांनाच कळत नाही. तिथे बोलायला सामाईक विषय भरपूर आहेत. गावी परतले, की जो तो आपापल्या वस्तीत.

आणि वस्तीचा विषय निघाला म्हणून सांगतो. मत गुप्त आहे असे आपण समजतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९४ सांगते की तुम्ही कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. न्यायाधीश जे विचारू शकत नाही ते गावचा पुढारी मात्र निकालाच्या संध्याकाळी जाणतो, कारण मोजणी केंद्रनिहाय होते आणि नमुना २० मध्ये प्रत्येक बूथचा आकडा छापून येतो. चारशे-पाचशे मतांच्या बूथमध्ये वस्तीने काय केले ते ओळखायला गणित लागत नाही. मग पाण्याचा टँकर कुठे थांबतो, घरकुलाची यादी कशी लागते, हे आपण पाहतोच. मतपत्रिकांच्या काळात जिथे धाकाची शंका असेल तिथे अनेक बूथच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियम ५९-अ मध्ये होती. मतदान यंत्रासाठी तसेच करणारे टोटलायझर नावाचे उपकरण निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले. विधी आयोगानेही २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून कागदावरच आहे.

माणसे मोकळेपणी बोलत नाहीत याचे अर्धे कारण मला या बूथच्या आकड्यात दिसते. विधानसभेच्या वेळी पाटोद्यात एका उमेदवाराच्या कार्यकर्त्याला मी विचारले, तुमचा पक्ष टोटलायझरची मागणी करील काय? उपकरण काय आहे ते त्याने आधी नीट समजावून घेतले. मग मोठ्याने हसला. "वकीलसाहेब, मग कोण आपला हे आम्हाला कळायचं कसं?"