बारा गड, एकच स्केल

आवडीच्या विषयावर स्वतःहून ग्राफिक डिझाइनचं काम करायचं ठरलं की सगळा उत्साह विषयावरच खर्च होतो. गडकोटांचं वेड असलेला डिझायनर भगवा रंग घेतो, बुरूज काढतो, वर टोकदार अक्षरांत ‘सह्याद्री’ लिहितो आणि चार दिवसांत फाईल बंद करतो. वेड खरं असतं, पण त्या पोस्टरमधून गडाबद्दल नवं काहीच कळत नाही. आवडीतून फक्त विषय मिळतो. आराखडा तयार व्हायला एक नेमका प्रश्न लागतो, आणि त्या प्रश्नाच्या आड येणारं सगळं गाळायची तयारी लागते.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा असाच तयार झाला. हॅरी बेक हा तिथल्या सिग्नल विभागात काम केलेला आराखडाकार. 1931 मध्ये कोणीही सांगितलेलं नसताना, फावल्या वेळात त्याने नकाशा आखला. त्याचा प्रश्न एवढाच होता की प्रवाशाला कुठे चढायचं, कुठे गाडी बदलायची हे कसं दिसेल. म्हणून त्याने खरी अंतरं सोडून दिली. आडव्या, उभ्या आणि 45 अंशांतल्या तिरक्या रेषा तेवढ्या ठेवल्या. पहिल्यांदा नकाशा नाकारला गेला. 1933 च्या जानेवारीत तो खिशात मावेल अशा आकारात प्रवाशांच्या हाती आला. आज जगभरच्या मेट्रोंचे नकाशे त्याच वळणाचे असतात.

आता गडांकडे येऊ. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. या बारांची पोस्टरमालिका करायची झाली, तर बेकने जे टाकलं तेच इथे धरून ठेवावं : अंतर. प्रश्न असा, की हे गड एकमेकांशेजारी ठेवले तर केवढे दिसतील? 1:10,000 हे प्रमाण धरलं तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. साधारण 48 एकरांचा सिंधुदुर्ग 19 चौरस सेंटिमीटरमध्ये बसतो, म्हणजे ए-थ्री कागदावर तळहातापेक्षा लहान. सात किलोमीटरहून अधिक घेराच्या पन्हाळ्याची कडा मात्र 70 सेंटिमीटरच्या पुढे जाते. राजगडचा बालेकिल्ला मधोमध आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या तीन दिशांना पसरलेल्या. रेखाचित्रात हे एका नजरेत उमगतं, फोटोत कधीच नाही. सिंधुदुर्गाभोवतीचा रिकामा कागद म्हणजे समुद्र, आणि एवढ्याशा किल्ल्याला एवढं बळ कुठून आलं याचं निम्मं उत्तर त्या कोऱ्या जागेतच आहे.

यावर कोणी म्हणेल, इतकी शिस्त लावली तर मजा काय उरली? आणि गडावरची टाकी, दंतकथा, पिठलं-भाकरी हे सगळं गेलं कुठे? पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. गिऱ्हाइकाचा तगादा नको म्हणूनच तर माणूस स्वतःच्या कामाकडे वळतो. पण तगादा नसतो तिथे कामाचा शेवटही ठरलेला नसतो, आणि अशी कामं बहुधा अर्धवट राहतात. अक्षरांचं काम करणाऱ्या डिझायनर जेसिका हिश हिने 2009 मध्ये रोज एक सजवलेलं आद्याक्षर काढायचं ठरवलं आणि पुरत्या बारा वर्णमाला पार पाडल्या. एका अक्षराच्या मर्यादेत तिला हवा तेवढा खेळ करता आला. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर सोपं आहे : टाक्यांची वेगळी मालिका करा. एकाच पोस्टरमध्ये सगळं कोंबलं की ते माहितीपत्रक होतं, आणि तशी माहितीपत्रकं पर्यटन खात्याकडे आहेत.

कामाच्या तपशिलात दोन-तीन गोष्टी आधीच मिटवाव्यात. उपग्रहाच्या चित्रांवरून रेषा गिरवताना हक्कांचा प्रश्न येतो. ओपनस्ट्रीटमॅपचा आधार घेतला तर श्रेय छापावं लागतं, बाकी अडचण कमी. अक्षरांसाठी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता किंवा बलू हे फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात. देवनागरीत वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, तेव्हा रोमन मजकुरासाठी नेमलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं की ‘सुवर्णदुर्ग’ खालच्या ओळीला टेकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाराच्या बारा गड ओळीने काढत बसू नये. आधी सिंधुदुर्ग आणि तीन डोंगरांना तटबंदीने जोडणारा जिंजी हे दोनच काढावेत, खऱ्या मापात छापून भिंतीवर लावावेत. जिंजी कागदाबाहेर गेला तर स्केल बदला किंवा कागद. दहा गड अजून काढायचे असतानाच हे कळलेलं बरं.