विंटेज मोटारगाडीचे पुनःस्थापन

विंटेज मोटारगाडीचे पुनःस्थापन : वापरातून गेलेली, मोडकळीस आलेली किंवा केवळ सुट्या भागांच्या रूपात उरलेली जुनी मोटारगाडी तिच्या मूळ रचनेस धरून पुन्हा चालण्याजोगी करणे, यास पुनःस्थापन म्हणतात. ‘विंटेज’ ही संज्ञा मुळात द्राक्षमद्याच्या हंगामाविषयीची आहे. ब्रिटनमधील विंटेज स्पोर्ट्‌स कार क्लब (स्थापना १९३४) ही संस्था १९३० अखेरपर्यंत तयार झालेल्या गाड्यांना विंटेज मानते. इतर देशांतील व्याख्या याहून वेगळ्या आहेत. हे काम व्यावसायिक कर्मशाळांत होते, त्याचप्रमाणे हौशी लोक घराच्या गॅरेजातही ते करतात. घरगुती पुनःस्थापनाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील ‘ऑस्टिन सेव्हन’ ही गाडी होय. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः तिला अनुलक्षून केले आहे.

ऑस्टिन सेव्हन : सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकाच्या साहाय्याने या गाडीचा आराखडा आपल्या राहत्या घरी तयार केला. १९२२ मध्ये ती १६५ पौंड किंमतीस जाहीर झाली आणि १९३९ पर्यंत बर्मिंगहॅमजवळील लाँगब्रिज येथील कारखान्यात सु. २ लाख ९० हजार गाड्या तयार झाल्या. सुरुवातीची गाडी सु. २·७ मी. लांब व सु. १·२ मी. रुंद असून तिचे वजन सु. ३६० किग्रॅ. होते. तिचे चार सिलिंडरांचे एंजिन प्रारंभी ६९६ व लवकरच ७४७ घ. सेंमी. धारणेचे झाले. दोन माणसे ते उचलू शकतात, हा घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने या गाडीचा मोठाच गुण आहे. सांगाडा इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा असून पुढे एक आडवा कमानपाटा व मागे दोन आखूड पाव-कमानपाटे असतात. पंप, नळ्या व विद्युत् साधने यांची गर्दी नसल्याने कोणता भाग कशासाठी आहे, हे नुसत्या निरीक्षणानेही बरेचसे कळते.

सुटी करणे व नोंदी : गाडी सुटी करणे हा कामाचा सर्वांत सोपा व म्हणूनच सर्वांत धोक्याचा टप्पा आहे. उत्साहाच्या भरात दोन आठवड्यांत सुटी केलेली व नंतर वर्षानुवर्षे खोक्यांत पडून राहिलेली गाडी हा या छंदातील नेहमीचा अनुभव आहे. त्यामुळे प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घेणे, तारा व नळ्यांचे मार्ग रेखाटून ठेवणे, नट-बोल्ट ज्या भागाचे त्याच्यासहच चिठ्ठी लावून डबीत ठेवणे आणि झिजलेला भागही नवा हाती येऊन नीट बसेपर्यंत न टाकणे, हे नियम कसोशीने पाळावे लागतात. ब्रिटिश गाड्यांतील आटे व्हिटवर्थ किंवा ब्रिटिश सूक्ष्म आटे या जुन्या मानांचे असल्याने त्यांना मेट्रिक पाने लागत नाहीत. बेतास बात बसणारा पाना वापरल्यास नटाचे कोन झिजून तो निकामी होतो. जुन्या ब्रेक-अस्तरांत ॲस्बेस्टस असते. त्याची धूळ हवेच्या झोताने उडविणे आरोग्यास घातक असून ती ओलसर फडक्याने पुसून घ्यावी.

एंजिन : दीर्घकाळ पडून राहिलेल्या एंजिनात दट्टे सिलिंडरात गंजून घट्ट बसलेले असतात. अशा वेळी हँडल मारून जोर लावू नये. सिलिंडरांत पातळ तेल ओतून काही दिवस मुरू द्यावे व मग सावकाश हालवावे. ओतीव लोखंडाच्या सिलिंडर ठोकळ्यास झडपांच्या बैठकींपाशी तडे गेलेले आढळतात. थंड प्रदेशात पाणी आत गोठूनही ठोकळा फुटतो. सिलिंडराचे भोक झिजले असल्यास ते यंत्रावर मोठे करून त्या मापाचे दट्टे बसवितात आणि तसे करण्यास धातू उरला नसेल, तर आत नवी अस्तर-नळी ठोकतात.

या एंजिनाचा नाजूक भाग म्हणजे भुजादंड अर्थात क्रँक शाफ्ट होय. १९३६ पर्यंतच्या एंजिनांत तो फक्त दोन टोकांच्या धारव्यांवर, म्हणजे बेअरिंगांवर, फिरे व मध्ये आधार नसल्याने वेगात लवे. त्या वर्षी तिसरा धारवा आला. वर्षानुवर्षांच्या लवण्यामुळे धातू शिणतो आणि डोळ्यांना न दिसणारी चीर एके दिवशी दंड मोडण्यास कारण होते. म्हणून दंड चुंबकित करून त्यावर लोहकण पसरवितात. चिरेपाशी कण गोळा होतात व तिचा माग लागतो. संयोग दांड्यांच्या मोठ्या टोकांत कथील, अँटिमनी व तांबे यांच्या श्वेत धातूचे अस्तर ओतलेले असते. दांडा तापवून त्यास कल्हई देतात, मग वितळलेली मिश्रधातू ओततात व शेवटी ती कातून दंडाच्या मापाची करतात. कल्हई नीट धरली नाही, तर अस्तर सुटते. हे काम घरच्या गॅरेजात सहसा करू नये, ते अनुभवी कारागिराकडेच सोपवावे. उलट, वंगणाच्या व्यवस्थेची सफाई मात्र मालकाने स्वतः करावी. पेटीतील बारीक तोट्यांतून उडणारे तेल फिरत्या दंडावर झेलले जाऊन मोठ्या टोकांपर्यंत पोहोचते; त्यामुळे एका तोटीत अडकलेला कचराही नव्या अस्तराचा नाश करू शकतो.

पाण्याचा पंप नसून तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड झालेले खाली येते, या नैसर्गिक अभिसरणावर एंजिन थंड राहते. हा ओघ मंद असल्याने पाण्याच्या जागेत साचलेला गंजाचा गाळ खरवडून काढणे आवश्यक ठरते. सुरुवातीच्या गाड्यांत ठिणगी मॅग्नेटोपासून मिळे. त्याच्या वेटोळ्यांचे लाखेचे निरोधन काळाने मऊ पडते आणि एंजिन थंड असता उत्तम चालून तापताच बंद पडते. अशा वेळी दोष पेट्रोलात शोधण्यात हौशी माणसाचा बराच वेळ वाया जातो.

काया व ब्रेक : त्या काळातील अनेक गाड्यांची काया लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून केलेली असे. बाहेरून पत्रा धड दिसला, तरी आतील लाकूड सांध्यांपाशी कुजलेले असू शकते. जुने तुकडे निकामी असले, तरी नव्यांसाठी तेच नमुने असतात. चौकट, दरवाजे व पत्रा हे सर्व रंग देण्यापूर्वी एकदा सांगाड्यावर जुळवून पाहावे, कारण सांगाडा किंचित पिळलेला असल्यास दरवाजे बंद होत नाहीत व ही गोष्ट रंगानंतर कळणे महागात पडते. चारही चाकांना ब्रेक असणे हे १९२२ मध्ये या गाडीचे वैशिष्ट्य होते. पण पायाचा ब्रेक मागील व हाताचा पुढील चाकांवर चाले, आणि दोहोंची सांगड १९३० मध्ये घातली गेली. तारांवर चालणारे हे ब्रेक आजच्या रहदारीस अपुरे वाटतात, म्हणून काही मालक द्रवीय ब्रेक बसवितात. असा बदल करताना मूळ भागांना भोके पाडू नयेत व ते जपून ठेवावेत, म्हणजे तो पुढे केव्हाही मागे घेता येतो.

अस्सलपणाचा प्रश्न : पुनःस्थापनातील खरी अडचण तांत्रिक नसून काय नवे करावे व काय तसेच ठेवावे, ही आहे. ऑस्टिन सेव्हनच्या बाबतीत ती विशेष जाणवते. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या बंदिस्त सेव्हन गाड्या अतिशय स्वस्त मिळत. तरुण मंडळी त्यांची काया उतरवून सांगाड्यावर हलकी, उघडी शर्यतीची गाडी स्वतः बांधत; अशा गाडीस ‘स्पेशल’ म्हणत. कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये उत्तर लंडनमधील एका घरामागील गॅरेजात सेव्हनवरूनच पहिली गाडी बांधली व तीतून पुढे लोटस कंपनी उदयास आली. अशा स्पेशलची मूळ काया पुन्हा बनवावी की १९५० च्या सुमाराची हौशी बांधणी हाच तिचा इतिहास मानावा? दुसरा पर्याय अधिक योग्य दिसतो, कारण ती बांधणीही आता जुनी झाली आहे आणि कारखान्याची काया नव्याने केली, तरी ती प्रतिकृतीच राहते. मात्र आज शाबूत असलेली बंदिस्त गाडी मोडून तिच्यावर शर्यती ‘अल्स्टर’ प्रकाराची नक्कल चढविणे हे समर्थनीय नाही. मूळ अल्स्टर त्यामुळे वाढत नाही आणि एक खरी गाडी मात्र कमी होते.

हा वाद न्यायालयातही गेला आहे. १९२९ व १९३० मध्ये ल मां येथील शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली गाडीच्या विक्रीवरून १९९० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात दावा चालला. विजयी गाडीचे फारच थोडे भाग तीत उरले होते. तरीही भाग वेळोवेळी बदलत गेले असता गाडीचे अस्तित्व अखंड राहिले, या आधारे ते नाव तिला अधिकृतपणे लागते, असा निर्णय झाला. ती मूळ अवस्थेत आहे, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (स्थापना १९६६) २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तूरिन सनदेत जतनास पुनःस्थापनाहून अग्रक्रम दिला असून नव्याने केलेल्या भागांवर न खुपणारी, पण टिकाऊ खूण करावी, अशी शिफारस आहे. झिजलेली मूळ कातडी बैठक किंवा विटलेला रंग यांचे मोल या दृष्टीने नव्या चकाकीहून जास्त ठरते.

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाडा, काया व एंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना विंटेज मानतात. त्यांच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. असून नोंदणी दहा वर्षे चालते. या गाड्या नियमित वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. महाराष्ट्रातील मालकांसही हेच नियम लागू आहेत, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीची व चालू असतानाची छायाचित्रे, तसेच सांगाडा व एंजिनावरील ठोकलेले क्रमांक यांची नोंद येथे विशेष उपयोगी पडते. भारतातील पेट्रोलात एथेनॉलाचे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर गेल्याने जुन्या रबरी नळ्या बदलून एथेनॉलास टिकणाऱ्या घालणे व कार्ब्युरेटरातील तोटी किंचित मोठी करणे इष्ट असते. गाडी काही महिने उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी ठेवावी, कारण असे पेट्रोल हवेतील ओलावा शोषते व टाकी आतून गंजू लागते.