अम्मींच्या गोळ्यांची पिशवी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे फजरच्या नमाजसाठी अम्मी उठल्या, वजू करायला निघाल्या आणि मोरीच्या उंबऱ्यापाशीच मटकन खाली बसल्या. हातातला तांब्या घरंगळत आमच्या दारापर्यंत आला, त्या आवाजाने आम्हाला जाग आली. अम्मी शुद्धीवर होत्या. पण डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि हातपाय गार पडले होते. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंकडे रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. त्या साडीचा पदर सावरत धावत आल्या. ज्या अम्मींचा वरचा आकडा औषध घेऊनही एकशे चाळीसच्या खाली क्वचितच येई, तो त्या दिवशी नव्वदवर होता.

अम्मींना आडवे केले, पायांखाली उशा दिल्या आणि डॉक्टरांना फोन लावला. तेवढ्यात आमच्या तोंडून वाक्य निघाले, "त्या लष्करी दवाखान्यातल्या फुकटच्या गोळ्यांनीच हे केले!"

ते वाक्य साफ चुकीचे होते. चूक खिडकीपलीकडच्या माणसाची नव्हती, गोळीचीही नव्हती. चूक आमच्या घरातल्या कपाटात होती. आज ज्या घरात म्हातारे आई-वडील आहेत, त्या जवळजवळ प्रत्येक घरात असे एखादे कपाट असते, म्हणून हा अनुभव वाचकांपुढे ठेवत आहोत.

नारायण पेठ ते छावणी

अब्बा लष्कराच्या ईएमई विभागात होते. गाड्या आणि यंत्रे दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. १९९८ साली ते निवृत्त झाले आणि आम्ही नारायण पेठेतल्या या जुन्या घरात राहायला आलो. अब्बा आता नाहीत. अम्मींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि अब्बांनी मागे ठेवलेली आणखी एक गोष्ट त्यांच्या बटव्यात कायम असते. ती म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड.

ही योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. सगळे तिला 'ईसीएचएस' या नावानेच ओळखतात. सैनिक नोकरीत असेपर्यंत त्याची आणि त्याच्या घरच्यांची काळजी लष्करी रुग्णालये घेतात. निवृत्तीनंतर मात्र पूर्वी फार आधार नसे. जागा असेल आणि औषध शिल्लक असेल तर मिळे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जशी आरोग्य योजना होती, तशी माजी सैनिकांसाठी ही निघाली. सैनिकाने एकदाच ठरलेली वर्गणी भरायची आणि मग त्याला, त्याच्या पत्नीला व अवलंबून असलेल्या घरच्यांना उपचार आणि औषधे मिळायची. सैनिकाच्या मागे त्याच्या विधवेचाही हा हक्क राहतो. आपल्या ओळखीत अशा किती तरी बेवा भगिनी असतील, ज्यांचे शौहर फौजेत होते. पण कार्ड काढायचे राहून गेले. त्यांना एवढे जरूर सांगावे.

पुणे तर लष्कराचेच शहर. वानवडीला दक्षिण कमांडचे कमांड हॉस्पिटल आहे, शेजारी १९४८ साली सुरू झालेले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, खडकीला मिलिटरी हॉस्पिटल आहे. पण माजी सैनिकाच्या घरच्यांनी सरळ मोठ्या रुग्णालयात जायचे नसते. आधी पॉलिक्लिनिक. तिथे कार्ड दाखवून नोंद करायची, टोकन घ्यायचे आणि डॉक्टरांपुढे जायचे. गरज असेल तर ते मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडे पाठवतात. तज्ज्ञांनी लिहिलेली चिठ्ठी घेऊन पुन्हा पॉलिक्लिनिकच्या औषधाच्या खिडकीशी यायचे.

महिन्यातून एकदा आमची ही वारी असते. अलका चौकातून टिळक रस्ता, स्वारगेट, मग गोळीबार मैदानाच्या बाजूने छावणीत. सोमवारी आणि महिन्याच्या सुरुवातीला गर्दी फार, म्हणून आम्ही मधला एखादा दिवस धरतो आणि शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. गणेशोत्सवात तर तारखेकडे नीट लक्ष ठेवावे लागते. विसर्जनाच्या मिरवणुकी आमच्या पेठेच्या तोंडाशी, अलका चौकातच येऊन थांबतात. अनंत चतुर्दशीला सकाळी रस्ते बंद झाले की दुसऱ्या दिवशीपर्यंत रिक्षा आत येत नाही. त्या आधीच गोळ्या घरात हव्यात.

खिडकीसमोरच्या बाकावर सगळा हिंदुस्थान बसलेला असतो. साताऱ्याचे सुभेदार, कोकणातल्या कुणा नाईकाची विधवा, एखादे सरदारजी, केरळी मावशी. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या, आणि पिशव्यांत जवळजवळ त्याच गोळ्या. रक्तदाब, साखर, गुडघे, थायरॉईड. तिथे बसले की बुढाप्याला जात-धर्म नसतो हे पटते.

एकच औषध, तीन कपडे

आता त्या पहाटेकडे येऊ. दुपारी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी नाडी पाहण्याआधी विचारले, "घरातली सगळी औषधे आणली आहेत का? सगळी म्हणजे सगळी." आम्ही फक्त चिठ्ठी नेली होती. पुन्हा घरी येऊन अम्मींच्या कपाटातली कापडी पिशवी नेली आणि त्यांच्या टेबलावर ओतली. अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, रिकामी खोकी, एक जुने मलम, तीन महिन्यांपूर्वीचा खोकल्याचा औषधी काढा.

डॉक्टरांनी त्यातून तीन पट्ट्या बाजूला काढल्या. दोन पट्ट्या खिडकीवरच्या होत्या, एक टेल्मिसार्टन आणि दुसरी ॲम्लोडिपिन. दोन्ही रक्तदाबाच्या. तिसरी पट्टी पेठेतल्या दुकानातली, झगमगीत नावाची. तिच्यावरची बारीक अक्षरे त्यांनी आम्हाला वाचायला लावली. आत टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन, दोन्ही एकाच गोळीत.

मग उलगडा झाला. त्या आधीच्या महिन्यात खिडकीवर एक औषध संपले होते. चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही' असा शेरा मिळाला. अशा वेळी औषध बाहेरून घेऊन, बिल आणि चिठ्ठी जोडून ठरलेल्या नियमांप्रमाणे परतावा मागता येतो. आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने दोन गोळ्यांऐवजी सोयीची म्हणून एकच मिश्र गोळी दिली. आम्हीही विचारले नाही. पुढच्या महिन्यात खिडकीवर दोन्ही गोळ्या मिळाल्या. दुकानातल्या पट्टीत आठ-दहा गोळ्या शिल्लक होत्या. अम्मींना वाटले, ही वेगळी आणि त्या वेगळ्या. त्या चार दिवस इमानेइतबारे तिन्ही घेत होत्या. म्हणजे रक्तदाबाचे औषध रोज दुप्पट पोटात जात होते.

अम्मी उर्दू उत्तम वाचतात. त्यांचे अक्षर आमच्या अक्षरापेक्षा देखणे आहे. पण पट्टीवरचे इंग्रजी त्यांना येत नाही. त्या गोळी ओळखतात ती रंगावरून आणि आकारावरून. "सकाळची गुलाबी, रात्रीची छोटी पांढरी." आणि नेमके हेच रंग-आकार दर काही महिन्यांनी बदलतात.

ते का बदलतात, हे समजून घेतले पाहिजे. लष्कराची औषधे घाऊक खरेदी होतात. डॉक्टर औषधाचे मूळ नाव लिहितात, कंपनीचे नाही. ज्या कंपनीचा दर मंजूर होईल तिची गोळी येते. या वर्षी एका कंपनीची गुलाबी, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीची पांढरी. आतले औषध तेच, कपडे बदललेले. सरकारी दवाखान्यात, जनऔषधी केंद्रात हाच प्रकार असतो. म्हणून हा प्रश्न फक्त फौजी घरांचा नाही.

पट्टीवर दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, दुसरे औषधाचे खरे नाव. २०१८ पासूनच्या नियमानुसार बहुतेक गोळ्यांवर खरे नाव मोठ्या अक्षरांत छापावे लागते. पण आपण वाचतो कुठे? शिवाय दुकानदार पाच गोळ्या कापून देतो तेव्हा कधी नाव कापले जाते, तर कधी मुदतीची तारीख. उरलेला तुकडा अनोळखी होतो आणि तरीही कपाटात जपून ठेवला जातो.

वर्गात आम्ही मुलांना समानार्थी शब्द शिकवतो. पाणी, जल, नीर. शब्द तीन, वस्तू एक. डॉक्टरांच्या टेबलापाशी उभे राहून आम्हाला आमचाच धडा आठवला आणि शरम वाटली.

'फुकटची' गोळी

आमच्या नात्यागोत्यात एक समज पक्का आहे. जे फुकट मिळते ते हलके असते. एक खालाजान तर खिडकीवरच्या गोळ्या घरी आणून ठेवून देतात आणि दुकानातून महाग गोळ्या घेतात. दुसऱ्या टोकाला, शेजारपाजारचे म्हणतात, "तुमच्याकडे भरपूर येतात, आम्हालाही चार द्या ना."

दोन्ही गोष्टी चूक आहेत. पहिली गोष्ट, ही गोळी फुकट नाही. अब्बांची वर्गणी त्यात आहे आणि घरापासून लांब काढलेली त्यांची कित्येक वर्षे त्यात आहेत. दुसरी गोष्ट, ती अमानत आहे. अम्मींच्या नावाची गोळी अम्मींच्याच पोटात गेली पाहिजे. शेजारणीच्या मूत्रपिंडाची अवस्था आपल्याला माहीत नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्या गरोदर बाईला चालतच नाहीत, टेल्मिसार्टन त्यांपैकीच एक. प्रेमाने दिलेली गोळी घात करू शकते. औषध नको असेल, बदलले असेल, तर पुढच्या वारीला डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते नव्याने लिहिले जाणार नाही आणि बाकावर बसलेल्या दुसऱ्या कुणाला मिळेल.

गोळीचा रंग बदलल्यावर खरोखर त्रास होऊ लागला, तर गप्प बसू नये आणि मनानेच बंदही करू नये. पट्टीसह डॉक्टरांकडे जावे. तक्रार करण्याआधी पिशवी मात्र एकदा ओतून पाहावी. आम्ही ती ओतली नसती, तर आजही त्या खिडकीला दोष देत बसलो असतो.

रमजानच्या आधी

अम्मींना साखरेचाही त्रास आहे. रमजानमध्ये सकाळ-दुपार-रात्र हे वेळापत्रकच उलटते. कित्येक घरांत सकाळची गोळी सेहरीला आणि रात्रीची इफ्तारला, असा हिशोब घरच्या घरी केला जातो. तो धोक्याचा आहे. साखरेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, आणि इन्सुलिन उपाशीपोटी साखर एकदम खाली आणू शकतात. कोणती गोळी कधी, किती, आणि रोजा ठेवावा की नाही, हे ठरवायला जाणकार डॉक्टर रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी भेटायला सांगतात. खिडकीवर गोळ्या महिन्याच्या मिळतात, त्यामुळे शाबानच्या वारीतच हा बदल चिठ्ठीवर लिहून घ्यावा. आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

आमच्या घरात आता काय बदलले

त्या पहाटेनंतर आम्ही काही नियम केले. ते कुणालाही करता येतील.

१. खिडकीसमोरून हलण्याआधी चिठ्ठी आणि पट्ट्या जुळवून पाहतो. नाव, मिलिग्रॅम, मुदत. फार्मासिस्टला एकच प्रश्न विचारतो, "मागच्या महिन्यापेक्षा यात काय वेगळे आहे?" मागे रांग असली तरी या प्रश्नाला कुणी नाही म्हटलेले नाही.

२. नव्या पट्ट्या घरात आल्या की जुन्या बाहेर काढतो. तेच औषध असेल तर आधी जुने संपवायचे. एकाच वेळी दोन्ही बाहेर ठेवायचे नाही.

३. बाहेरून औषध घ्यावे लागले, तर दुकानदाराला मूळ नाव दाखवतो. बदली गोळी किंवा मिश्र गोळी दिली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करत नाही.

४. एका वहीत औषधाचे मूळ नाव, कशासाठी आणि केव्हा, एवढेच लिहितो. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना वही आणि पूर्ण पिशवी बरोबर असते.

५. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिडकीपासून घरापर्यंत बर्फाच्या पिशवीची सोय करावी. ते फ्रीजमध्ये ठेवावे, पण गोठू देऊ नये.

६. गोळ्यांच्या डब्याच्या कप्प्यांवर अम्मींसाठी उर्दूत लिहिले आहे. सुबह, दोपहर, रात. कोणाच्या घरी मराठी चालेल, कोणाच्या घरी चंद्र-सूर्याचे चित्र. जो गोळी घेतो त्याला वाचता आले पाहिजे, एवढेच.

सहावा नियम सांगायला सोपा, पण तोच आम्हाला सगळ्यात उशिरा सुचला. वीस वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या मुलांना उर्दू आणि मराठी वाचायला शिकवतो. आणि आमच्या घरात, उर्दू वाचणाऱ्या आमच्या आईच्या हातात आम्ही रोज इंग्रजीतले कागद देत होतो.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा खिडकीशी उभे होतो. पट्ट्या आमच्या हातात आल्या, तेवढ्यात अम्मींनी पिशवीतून त्यांची वही काढली, चष्मा लावला आणि काचेपलीकडच्या फार्मासिस्टना विचारले, "बेटा, ये वोही टेल्मिसार्टन है ना? रंग बदल गया है." त्याने पट्टी पाहिली आणि हसून मान हलवली, "हां अम्माजी, वोही है." अम्मींनी वहीत खूण केली. मागच्या रांगेतल्या साताऱ्याच्या सुभेदारांनी आपली पिशवी उघडून स्वतःच्या पट्ट्या वाचायला सुरुवात केली.