चिठ्ठी हाही एक धनादेशच

बँकेच्या नोकरीत तीन सवयी अंगवळणी पडल्या होत्या. खिडकीवर आलेल्या धनादेशावरील सही नमुन्याशी ताडून पाहणे, अंकी व अक्षरी रकमेचा मेळ घालणे आणि पैसे दिल्यावर त्यावर ‘पेड’चा शिक्का मारणे. निवृत्तीनंतर एकदा एका स्नेह्यांच्या औषध दुकानात बसलो होतो. एक तरुण आजीसाठी झोपेच्या गोळ्या मागू लागला. स्नेह्यांनी चष्मा चढवून चिठ्ठी पाहिली. गोळ्यांची संख्या दहा होती. त्यातील एकाचा कोणीतरी चार केला होता आणि शाईही वेगळी होती. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत. डॉक्टरांना दूरध्वनी केला, तेव्हा दहाच गोळ्या लिहून दिल्याचे कळले.

मुलगा ओळखीच्या घरातला. सायंकाळी आम्ही त्याच्या वडिलांच्या पेढीवर गेलो. ऐकताच ते म्हणाले, “भाऊ, हे इथेच राहू द्या. थोरलीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत.” स्नेही शांतपणे म्हणाले, “शेठ, आज मी दिल्या नाहीत. उद्या दुसरा कोणी देईल.”

त्या पित्याला जे ठाऊक नव्हते, ते आपल्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. चिठ्ठीवरील आकडा बदलणे, डॉक्टरांची सही करणे किंवा खोटी चिठ्ठी खरी म्हणून दाखवणे, हे बनावट दस्तऐवजाचे गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. धनादेशावरील खाडाखोडीप्रमाणेच चिठ्ठीवरील अशी खाडाखोडही कायद्याच्या दृष्टीने बनावटच ठरते.

दुकानदाराची जबाबदारीही लहान नाही. औषध नियम, १९४५ प्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता आणि औषधाचे एकूण प्रमाण असावे लागते. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. औषध दिल्यावर दुकानाचे नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर नोंदवायची असते. हा आमचा ‘पेड’चा शिक्काच! तो मारला नाही, तर तोच कागद गावभर वटत राहतो. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीन यांसारखी औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. नियम मोडल्यास परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो.

याहून कठोर आहे तो अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५. अल्प्राझोलाम त्याच्या कक्षेत आहे. ट्रामाडोलही २०१८ पासून आले. वैद्यकीय उपयोगाला सूट आहे, पण ती नियम पाळणाऱ्यालाच. चिठ्ठीविना विक्री किंवा बिलाविना साठा सापडला, तर प्रमाणानुसार शिक्षा वाढत जाते. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आहे आणि जामीन मिळणे अत्यंत दुरापास्त. अल्प्राझोलामचे व्यापारी प्रमाण शंभर ग्रॅम आहे. मिश्रणातील निष्क्रिय द्रव्याचे वजनही मोजावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. त्यामुळे गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम असले, तरी व्यापाऱ्याने त्यावर विसंबू नये.

आपल्या धर्मग्रंथांना हे नवे नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे सांगितले आहे; अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत राज्याच्या नियमांचे उल्लंघन येते. मद्याला उंबऱ्याआड येऊ न देणाऱ्या आपल्या घरांत औषधाच्या पाकिटातून आलेली नशा मात्र ओळखली जात नाही. ती डॉक्टरांच्या नावाने येते, तिला वास नसतो आणि ती आजीच्या उशाशी सहज सापडते.

म्हणून घरातील अशा गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि आठवड्याला मोजाव्यात. गल्ला मोजतो तशा. जुन्या चिठ्ठ्या कोणाच्या हाती लागू देऊ नयेत. मुलगा अडकलाच, तर रागाच्या भरात गोळ्या एकदम बंद करू नयेत. झोपेच्या व चिंतेच्या अशा गोळ्या अकस्मात थांबवल्यास झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे. अल्प प्रमाण किंवा केवळ सेवन एवढाच आरोप असलेली व्यसनी व्यक्ती मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते, अशीही तरतूद १९८५ च्या कायद्यात आहे. बनावट चिठ्ठीच्या गुन्ह्याला मात्र ते संरक्षण नाही. म्हणूनच वेळीच बोलणे महत्त्वाचे.

त्या पित्याने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः मुलाला घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे गेले आणि होणाऱ्या व्याह्यांनाही त्यांनी सारे सांगितले. व्याही क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “आमच्या पुतण्याला कोणत्या डॉक्टरांकडे न्यावे, तेवढे सांगा.”