पानाची रुंदी कोणी ठरवावी?

१०२४ × ७६८ पिक्सेलचे संगणक-पडदे सर्वत्र रुळले, तेव्हा संकेतस्थळाची रुंदी ९६० पिक्सेल ठेवण्याची प्रथा पडली; कारण ब्राउझरच्या कडा आणि सरकपट्टी वजा जाता एवढी जागा निर्धास्तपणे उरत असे, शिवाय ९६० ला १२ आणि १६ या दोन्ही संख्यांनी निःशेष भाग जात असल्याने स्तंभांची आखणी सोपी होई. २००७ साली आलेल्या आयफोनने हा हिशेब मोडला. त्याचा पडदा उभा धरल्यास अवघा ३२० पिक्सेल रुंद असल्याने ब्राउझर पानाची रुंदी ९८० पिक्सेल गृहीत धरून ते आक्रसून दाखवी, आणि वाचकाला चिमटीने अक्षरे मोठी करून वाचावे लागे.

२०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी मांडलेल्या ‘रिस्पॉन्सिव्ह’, म्हणजे पडद्यागणिक आकार बदलणाऱ्या, रचनेत टक्क्यांत मोजलेले स्तंभ, लवचीक चित्रे आणि ठरावीक रुंदीला मांडणी बदलण्याची सूचना देणारी ‘मीडिया क्वेरी’ यांची सांगड घातलेली आहे. या रुंदीला ‘ब्रेकपॉइंट’ म्हणतात. ती बाजारातील फोनांच्या यादीवरून ठरवणे हा निव्वळ व्यर्थ खटाटोप होय, कारण ती यादी सतत बदलत असते. त्यापेक्षा ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत न्यावी आणि मजकूर जेथे अवघडतो तेथेच मांडणी बदलावी.

रुंद पडद्यावर मात्र मजकुराच्या ओळीला कमाल मर्यादा हवीच, नाहीतर ओळ संपवून परतणारी नजर पुढची ओळ चुकते. आणि देवनागरीत मात्रा व रफार वर, उकार खाली येत असल्याने रोमन लिपीसाठी बेतलेले ओळींमधील अंतर मराठी पानाला पुरत नाही.