हत्या दुपारची, किंकाळी रात्रीची

शाळांच्या सहली पुण्यास आल्या म्हणजे शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत पाऊल टाकतात न टाकतात तोच मुलांच्या तोंडून एक प्रश्न हटकून निघतो : "तो आवाज कुठून येतो?" पहिल्या बाजीरावाविषयी, वाड्याच्या बांधकामाविषयी, येथून चाललेल्या कारभाराविषयीचे प्रश्न नंतर येतात; पुष्कळदा येतच नाहीत. 'काका, मला वाचवा' ही आर्त किंकाळी अद्याप वाड्यात घुमते, ही दंतकथा मुले घरूनच पाठ करून आलेली असतात. भारतातील 'झपाटलेल्या' वास्तूंच्या ज्या याद्या अलीकडे घरोघर पोचल्या आहेत, त्यांत शनिवारवाड्याचा क्रमांक बहुधा वरचाच असतो.

आवाजाची तिथी मात्र निश्चित नाही. कोणी पौर्णिमा सांगतो, कोणी अमावास्या. संध्याकाळी दरवाजे बंद होतात, त्यामुळे पडताळा घेण्याची सोयही नाही आणि दंतकथेला ती अडचण नसून आधारच आहे. आत तरी आज काय उरले आहे? २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत वाड्याच्या लाकडी माड्या आणि महाल भस्मसात झाले. तट, बुरूज, दरवाजे आणि नगारखाना वाचला. बाकी जोती आणि कारंज्यांचे हौद. ज्या दालनांतून नारायणराव जीव घेऊन धावला, ती दालने गेल्यास दोनशे वर्षे होत आली. किंकाळी तेवढी मागे राहिली.

तिच्या मुळाशी असलेली घटना खरी आहे आणि दंतकथेपेक्षा ती अधिक भयंकर आहे. ३० ऑगस्ट १७७३. शके १६९५ची भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे ना पौर्णिमा, ना अमावास्या. गणपतीचे दिवस आणि अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवसावर आलेली. वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची. थोरले माधवराव १७७२च्या नोव्हेंबरात थेऊर येथे निवर्तल्यावर पेशवाईची वस्त्रे धाकट्या भावाकडे आली होती. वय अवघे अठरा. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते, आणि वाड्याच्या पहाऱ्यावर असलेल्या गारद्यांचा पगार थकला होता.

त्या दिवशी सकाळी नारायणराव पर्वतीस गेला होता. गारद्यांमध्ये काहीतरी शिजत असल्याची कुणकुण त्याच्या कानी आली होती, आणि बंदोबस्त करण्यास त्याने हरिपंत फडक्यांना सांगितलेही होते. हरिपंतांनी होकार दिला. परंतु त्यांना भोजनाचे आमंत्रण होते. ते जेवावयास गेले. जेवण उरकून बंदोबस्त करू, एवढाच त्यांचा हिशेब असावा. हरिपंत काही फितूर नव्हते. पुढे ज्यांनी नारायणरावाच्या तान्ह्या मुलासाठी राज्य सांभाळले, त्यांतले ते एक प्रमुख. एका कर्तबगार आणि एकनिष्ठ माणसाने तातडीचे काम दोन घटका पुढे ढकलले, इतकेच घडले. कोणत्याही कचेरीत रोज घडते तेच.

त्या दोन घटकांत सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसफ यांचे गारदी थकबाकीची ओरड करीत वाड्यात घुसले. नारायणराव काकांकडे धावला आणि त्यांना मिठी मारून त्याने जीवदान मागितले. तेथेच तो मारला गेला. त्याला अंगाखाली घेऊन वाचवू पाहणारा सेवक चापाजी टिळेकर त्याच्यासह ठार झाला. वृद्ध इच्छारामपंत ढेरे मारले गेले. एकंदर अकरा माणसे त्या दुपारी पडली. त्यांत दोन दासी होत्या. या दहा जणांची किंकाळी कोणी ऐकल्याचे सांगत नाही. भूत होण्यासही बहुधा मानमरातब लागतो.

तोही नियम पुरता खरा नाही. नारायणरावाच्या मृत्यूनंतर जन्मलेला त्याचा मुलगा सवाई माधवराव याच वाड्यात वाढला आणि १७९५च्या ऑक्टोबरात याच वाड्यातील माडीवरून खाली कारंज्यावर पडून दोन दिवसांनी मरण पावला. वय एकवीस. तो तोल जाऊन पडला की त्याने उडी घेतली, हा वाद आजही मिटलेला नाही. भुताच्या कथेस याहून योग्य सामग्री कोणती? तरीही त्याच्या नावे किंकाळी नाही. लोकांनी बापाचा आवाज जपला, मुलाचा नाही; कारण बापाच्या गोष्टीत रंगभूमीला लागते ते सारे होते : दुष्ट काका, महत्त्वाकांक्षी काकू, अजाण पुतण्या. १९०९ साली खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ने हीच कथा रंगमंचावर गाजविली. तेथे निदान रामशास्त्री तरी होते.

आनंदीबाईने 'धरावे'चे 'मारावे' केले ही हकिगत तर भाषेतच जाऊन बसली. 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार मराठी माणूस दररोज वापरतो. आज्ञापत्रातील या बदलाची कथा ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासातही आहे. पण ते अक्षर आनंदीबाईनेच फिरविले, हे कोणत्याही अस्सल कागदाने सिद्ध झालेले नाही. आणि क्षणभर ते खरे धरले तरी काय होते? स्वतःच्या पुतण्यास, राज्याच्या धन्यास, सशस्त्र गारद्यांकरवी 'धरण्याचा' हुकूम काकांचाच होता. अक्षराचा दोष बाईच्या माथी मारला की हुकमाचा दोष हलका होतो. किंकाळीचेही तसेच आहे. आवाज ऐकून अंगावर काटा आला की पगार का थकला, पहारा कोणाच्या हाती होता, जेवणाआधी बंदोबस्त का झाला नाही, हे विचारावयाचे राहून जाते.

त्या काळच्या पुण्याने ते विचारले होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. कटात लहानमोठे असे सुमारे पन्नास लोक गुंतल्याचे निष्पन्न झाले. रघुनाथराव तोवर पेशवेपदावर बसले होते. त्यांच्या तोंडावर शास्त्रीबुवांनी त्यांना दोषी ठरविले, या पापास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे नाही असे सांगितले आणि ते पुणे सोडून गेले. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिच्या नावाने बारभाईंनी कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले, १७७५ साली सुरतेचा तह झाला आणि १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत लढाई चालली. घरातील भांडणात इंग्रज शिरला तो या वाटेने. १८१७च्या नोव्हेंबरात याच वाड्यावर त्याचे निशाण चढले.

हे सारे सहलीच्या अर्ध्या तासात सांगणे कठीण आहे, हे शिक्षकांना कोणी सांगावयास नको. मागची बस भोंगा वाजवीत असते, दुपारचे ऊन डोक्यावर असते आणि पन्नास मुलांना मोजून पुन्हा एका रांगेत आणावयाचे असते. अशा वेळी "आवाज अमावास्येला येतो" एवढे उत्तर सोपे पडते. परंतु तेच दुपारचे ऊन कामासही येण्याजोगे आहे. वाड्यातील ती घटना अशाच उन्हात, अशाच जेवणाच्या वेळी घडली, एवढे सांगितले तरी मुले गप्प होतात. मग त्यांना दक्षिणेच्या अंगास असलेल्या नारायण दरवाज्यापाशी न्यावे. नारायणरावाचे शव त्या दरवाज्याने बाहेर नेले, म्हणून त्याला ते नाव पडले असे सांगतात. दरवाजा लहान आहे, आणि सहलीतील फार थोडी पावले तिकडे वळतात.