विश्लेषण : पाच हजार मिलिमीटर पाऊस, तरीही कोयनेतील झाडे ठेंगणी का?

कोयनानगर परिसरात वर्षाला सरासरी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या पावसाच्या हे प्रमाण सुमारे सात पट आहे. एवढ्या पाण्यावर झाडे आभाळाला भिडायला हवीत, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात येथील घाटमाथ्यावरची सदाहरित झाडे बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मीटरवरच थांबतात. केरळमधील सायलेंट व्हॅलीत मात्र त्याच पश्चिम घाटातील झाडे तीस मीटरच्याही वर जातात. हा फरक कशामुळे पडतो आणि तुटलेले जंगल पुन्हा उभे करताना तो का लक्षात घ्यावा लागतो, याचा हा आढावा.

कोयनेचे जंगल नेमके कसे आहे?

कोयना अभयारण्य 1985 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 423 चौरस किलोमीटर आहे. कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्या यादीत कोयना आणि चांदोलीचाही समावेश आहे.

घाटमाथ्यावरील सदाहरित जंगलात जांभूळ, अंजनी आणि पिसा ही झाडे प्रामुख्याने आढळतात. वनस्पतिशास्त्रज्ञ या वनप्रकाराला याच तीन झाडांवरून ओळखतात. त्यांच्यासोबत हिरडा असतो. उतारावर आणि कोरड्या भागात ऐन, किंजळ, कुंभा दिसतात. वासोट्याला गेलेल्यांनी यातील बदल पाहिलेला असतो. बामणोलीहून बोटीने पलीकडे उतरल्यावर पायथ्याला दाट सावलीचे, उंच झाडांचे रान लागते. चढत जावे तशी झाडे बुटकी होतात आणि माथ्याजवळ कारवी व गवत उरते. पाऊस दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो, तरी जंगल वेगळे दिसते.

मग वाढ कशामुळे खुंटते?

पहिले कारण म्हणजे पावसाचे वेळापत्रक. पाच हजार मिलिमीटरपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले सात-आठ महिने जवळपास कोरडे जातात. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, अगस्त्यमलाई परिसरात कोरडा काळ जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो. उत्तरेकडे सरकावे तसा तो लांबत जातो. घाटात कोणते सदाहरित झाड कोठवर टिकेल, हे ठरवण्यात कोरड्या काळाच्या लांबीचा वाटा एकूण पावसापेक्षा मोठा असतो.

दुसरे कारण जमीन. माथ्यावर जांभा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर असतो. टाकी लहान असेल तर नळ कितीही मोठा सोडला तरी पाणी बाहेरच वाहून जाते, तसेच येथे होते. दरीत आणि ओढ्याकाठी माती खोल असल्याने ओल उन्हाळ्यातही टिकते आणि झाडे उंच होतात.

तिसरे कारण वारा आणि प्रकाश. पावसाळ्यात माथ्यावरचा वारा शेंड्याला सतत झोडपतो. पाणी भरपूर असते तेव्हा आभाळ झाकोळलेले असते, त्यामुळे पानांना अन्न तयार करायला प्रकाश कमी मिळतो. ऊन भरपूर असते तेव्हा पाणी नसते. अंजनीची जाड, चिवट पाने हा या कोंडीवरचा उपाय आहे. अशा पानांतून पाणी कमी उडते. त्याचा मोबदला मात्र संथ वाढीने द्यावा लागतो.

अलास्का-कॅनडाच्या जंगलांशी काय साम्य आहे?

तेथील थंड प्रदेशात व्हाइट स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष वाढतो. चांगल्या जमिनीत तो तीस मीटरपर्यंत जातो. उत्तरेकडे वृक्षरेषेजवळ मात्र झुडपासारखा राहतो. कोयनेत कोरडा काळ वाढ रोखतो, तेथे थंडी रोखते. वर्षातील वाढीचे दिवस मोजकेच असतात, हे दोन्हीकडे सारखे.

तापमान वाढले की स्प्रूस जोमाने वाढेल, असा अंदाज होता. मात्र अलास्काच्या अंतर्गत भागातील व्हाइट स्प्रूसच्या खोडांतील वलयांचा अभ्यास 2000 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा उलटे चित्र समोर आले. उष्ण उन्हाळ्यात झाडांना पाण्याचा ताण बसून वाढ मंदावली होती. थंडीचा अडसर कमी होताच पाण्याचा अडसर पुढे आला. कोयनेबाबतही केवळ ‘यंदा किती मिलिमीटर?’ एवढे विचारून भागत नाही. पाऊस किती दिवस पसरून पडला आणि त्यानंतरचा कोरडा काळ किती लांबला, हेही पाहावे लागते.

कोयनेतील झाडांचे वय वलयांवरून कळते का?

सहजासहजी नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ थांबते आणि खोडात दरवर्षी स्पष्ट वलय उमटते. जांभळासारख्या सदाहरित झाडांत अशी वलये अस्पष्ट असतात. पानझडी साग मात्र याला अपवाद आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातील सागाच्या वलयांवरून 523 वर्षांची नोंद तयार केली आणि तीत मान्सूनच्या दुष्काळांच्या खुणा शोधल्या. कोयनेतील सदाहरित झाडांची वाढ समजायची, तर त्याच झाडांचा घेर वर्षानुवर्षे मोजत राहावे लागते.

तुटलेले जंगल परत येते का?

येते, पण त्यासाठी बी पोहोचायला हवे. कोयना खोऱ्यात पूर्वी उतारांवर कुमरी शेती होत असे. पुढे काही गावांचे पुनर्वसन झाले आणि जमिनी मोकळ्या पडल्या. अशा जागी आधी गवत व कारवी येते, मग उन्हाला न घाबरणारी झाडे, आणि त्यांच्या सावलीत जांभूळ-अंजनीची रोपे.

जांभळाचे फळ पावसाच्या तोंडावर पिकते. त्याचे बी वाळले की काही आठवड्यांत उगवणशक्ती गमावते, त्यामुळे ते जमिनीत वर्षानुवर्षे वाट पाहत राहत नाही. ते दूर नेण्याचे काम पक्षी, वटवाघळे आणि उदमांजरे करतात. म्हणजे जवळपास जुने जंगल हवे आणि हे प्राणीही हवेत. स्प्रूसचे हलके बी वाऱ्यावर उडते, पण त्यालाही ही अट चुकत नाही. मोठ्या आगीनंतर तेथे बी येते ते आसपास वाचलेल्या झाडांकडूनच.

वणव्यामुळे काय बिघडते?

आगीने जमिनीवरचा पाचोळ्याचा थर जळतो आणि उघड्या मातीवर स्प्रूसचे बी चांगले रुजते. कोयनेत तसे होत नाही. येथील वणवे बहुतांशी माणसाने लावलेले असतात आणि ते लागतात ऐन कोरड्या दिवसांत. सदाहरित झाडांची कोवळी रोपे पातळ सालीची असल्याने एका वणव्यात मरतात. गवत मात्र पहिल्या पावसात पुन्हा फुटते आणि पुढच्या उन्हाळ्यात नव्या वणव्याला इंधन पुरवते. दर दोन-तीन वर्षांनी आग लागत राहिली, तर तो उतार गवताळच राहतो.

मग मोठ्या प्रमाणावर रोपे का लावू नयेत?

कोठे आणि काय लावायचे, यावर ते अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प यांसारखी विदेशी झाडे झपाट्याने वाढतात, पण फळे खाणाऱ्या स्थानिक प्राण्यांना त्यांचा फारसा उपयोग नाही. दुसरा धोका सड्यांना आहे. जांभ्याचे हे सपाट माथे उन्हाळ्यात ओसाड दिसतात, म्हणून तेथे खड्डे खोदून वृक्षारोपण करण्याचा मोह होतो. पावसाळ्यात याच सड्यांवर गेंद आणि सीतेची आसवे फुलतात. ती मुळातच झाडांची जागा नाही.

जुन्या जंगलाला लागून असलेल्या उतारावर सलग काही वर्षे वणवा आणि चराई रोखली, तर बरेच काम निसर्ग स्वतः करतो. जुने जंगल लांब असेल, तेथे स्थानिक झाडांची रोपे लावणे उपयोगाचे ठरते.

याचा धरणाशी संबंध काय?

शिवसागर जलाशयाची साठवण क्षमता 105 टीएमसी आहे आणि त्याच्या पाण्यावर 1,960 मेगावॉटचा कोयना वीज प्रकल्प चालतो. पाणलोटातील उतारांवर झाडे आणि पाचोळा असेल, तर मुसळधार पावसात माती जागेवर राहते; उतार उघडे पडले तर ती गाळ होऊन जलाशयात येते. एकदा वाहून गेलेला मातीचा थर परत तयार व्हायला शतके लागतात आणि तोवर तेथे उंच झाड उभे राहू शकत नाही. म्हणूनच फेब्रुवारी ते मे या काळात जाळरेषा वेळेत काढणे आणि वणवा दिसताच विझवणे, हे कोयनेत पावसाळ्यातील वृक्षारोपणाइतकेच महत्त्वाचे काम आहे.